कुमुदआत्याचं इंजिन

कुमुदआत्याला गाठ मारलेला फुगा बघवत नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला बायकोने हॉलभर फुगे लावले होते. पाहुणे यायच्या आत आत्याने स्टुलावर चढून एकेकाची गाठ सोडली आणि दिले सोडून. एक थेट बासुंदीत पडला. बायको रडकुंडीला आली. आत्या म्हणाली, "गाठ मारलेला फुगा म्हणजे नुसती शोभा. हवा मागं, फुगा पुढं. जेट विमान यालाच म्हणतात."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कळवणच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली, आता शहरात द्वारका चौकाजवळ राहते. मूलबाळ नाही. शाळेत तिने विमानाच्या इंजिनावर अख्खा आठवडा घालवला, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "बाई, हे परीक्षेला येत नाही." आत्या म्हणाली, "मग परीक्षेत दुरुस्ती करा." आणि दुसरा आठवडाही त्यावरच घालवला.

"ओढा, दाबा, जाळा, सोडा," हा तिचा जप. एकदा माझी आई कुरकुरली, की सगळा पगार घरातच जिरतो. आत्याने लाटणं उचललं. "वहिनी, इंजिनाचंही तेच. जळून तापलेली हवा मागं पळते, पण जाता जाता एक पंखा फिरवते. तो त्याच दांड्यावरच्या पुढच्या पंख्यांना फिरवतो, ते नवी हवा ओढून दाबतात. निम्म्याहून जास्त जोर या घरकामात जातो. उरेल त्यावर उडायचं." आईचं काही समाधान झालं नाही.

मागच्या वर्षी काका, म्हणजे तिचे यजमान, गेले. जो तो सांगायला आला, "एकटी कशी राहणार? भावाकडे जा." आत्या म्हणाली, "राहते की नाही ते बघा." राहिलीही. पण इंजिनाचं नाव काढेना. एका बारशाला फुगे तिच्या नाकासमोर लोंबत होते, तिने एकाचीही गाठ सोडली नाही. तेव्हा मी खरंच घाबरलो.

बहिणीच्या घरभरणीचं निमित्त करून मी तिला हैदराबादच्या विमानात माझ्याशेजारी बसवलं. मुद्दाम इंजिनाजवळची खिडकी घेतली. तिने बाहेर पाहिलंदेखील नाही.

विमान काही हलेना. एसी बंद पडला, लोक मासिकांनी वारा घेऊ लागले. मग वैमानिकाने सांगितलं, की इंजिन चालू करणारी विमानातली यंत्रणा बंद आहे, खालून दुसऱ्या यंत्राने चालू करतील.

पुढच्या रांगेतले एक द्राक्षबागायतदार उठले. "सुरगाण्याच्या रस्त्याला लय वेळा जीप ढकलली हाय म्या. आता इमान बी ढकलायचं का?"

अर्धं विमान हसलं, उरलेलं उतरायच्या गोष्टी करू लागलं. आणि आत्या उभी राहिली.

"हसू नका, बरोबर बोलले ते. कुठलंही जेट इंजिन आपलं आपण सुरू होत नाही. थांबलेल्या इंजिनात दाबलेली हवाच नाही, मग जाळणार कशात? आधी बाहेरून हवा सोडून फिरवावं लागतं."

हवाई सुंदरी धावत आली. "मॅडम, प्लीज खाली बसा."

"लोक घाबरलेत, त्यांना शिकवतेय. सबंध नोकरीत मी वर्गात बसले नाही, आता बसणार नाही."

"मंग पुढं काय, बाई?" बागायतदारांनी विचारलं.

"वेग आला, की इंजिन स्वतःच्या बळावर चालतं. मग बाहेरची हवा काढून घेतात."

हे संपल्यावरच ती बसली. खाली जाडजूड नळी जोडली होती. पाती हळूहळू फिरू लागली, मग दिसेनाशी झाली. आत्या काचेला कपाळ लावून बघत होती.

"तुझे काका रोज सकाळी चहा आणून म्हणायचे, 'बाई, वर्ग भरलाय.' मी वैतागायचे. मला वाटायचं, मी माझ्या बळावरच चालते."

माणसांनी नळी काढून नेली. इंजिन चालूच राहिलं.

"बघ," आत्या म्हणाली. "आता माझा हात सोडलास तरी चालेल."

हात मी धरलाच नव्हता. तिने धरला होता.