गजभियेकाकांचं ब्यूनोस आयर्स

गजभियेकाका राहायचे जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत, पण जेवायचे अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्सच्या वेळेने. रात्री दहाच्या आत त्यांच्या ताटात भात पडला असं कधी झालं नाही. "त्याआधी तिकडे फक्त आजारी माणसं आणि टूरिस्ट जेवतात," असं ते सांगायचे. दहानंतर आवाज करायचा नाही हा आमच्या इमारतीचा नियम, आणि काका नेमके तेव्हाच लसूण ठेचायला घ्यायचे. खालची म्हातारी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. "बघ, ताल धरला तिनं," काका खूश!

काका मूळचे नागपूरचे, पन्नाशीचे, एकटे. पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीने त्यांना म्हणे सहा महिने ब्यूनोस आयर्सला पाठवलं होतं. 'म्हणे' अशासाठी की फोटो एकही नाही. पण बाता ऐकाव्यात! "हा काय रस्ता आहे? तिकडचा मोठा रस्ता ओलांडेपर्यंत माणसाचं वय वाढतं." "इथे रविवारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही. तिकडे स्मशान बघायलाही रांग असते." भेटल्यावर गालाला गाल लावायची तिकडची रीतही त्यांनी आणली होती. साताऱ्याहून नुकत्याच आलेल्या अमोलला ते असे भेटले, तेव्हा तो भिंतीला जाऊन चिकटला.

आम्हा पीएचडीवाल्या मराठी पोरांत दोन पक्ष पडले होते. काका तिथे गेले होते, असं मानणारी मी एकटी. उरलेले सगळे दुसऱ्या पक्षात.

तेवढ्यात माझ्या इन्स्टिट्यूटमध्ये लुसिया आली. खुद्द ब्यूनोस आयर्सची! दुसऱ्या पक्षाचा पुढारी निखिल, त्याचे डोळे चमकले. "रविवारी दुपारी दोघांनाही जेवायला बोलव. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी होऊन जाऊ दे."

जानेवारीतला रविवार. बाहेर बर्फ, आत मसालेभात. लुसिया फारशी बोलायची नाही. काकांनी तिच्याशी स्पॅनिशमध्ये सुरुवात केली. त्यांची स्पॅनिश इतकी भयंकर होती की लुसियाने घाईघाईने जर्मन सुरू केलं. निखिलने मला टेबलाखालून लाथ मारली.

"तुझं घर कुठे?" काकांनी विचारलं.

"सान तेल्मो."

"आल्झो, तर मग," म्हणत काकांनी पाण्याचा जग मधोमध ठेवला. "हा चौक. आज रविवार, म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार. तो लांब केसांचा म्हातारा टँगो नाचतोय. बायको दमलीय, हा दमत नाही." मग चमचे ओळीने मांडले. "ही डिफेन्सा स्ट्रीट. कुठे वळू?"

"सरळ," लुसिया म्हणाली. "बागेपर्यंत."

"लेसामा पार्क. झाडांखाली जुगार खेळणारे म्हातारे."

"बुद्धिबळ!"

"भांडण तर जुगारासारखंच करतात." ती खळखळून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आता तीच चमचे सरकवू लागली. बागेसमोरची गल्ली, चपला शिवणारा, हिरवं दार.

दारापाशी तिचा हात थांबला.

"ते घर आता आमचं नाही," ती म्हणाली. "बँका बुडाल्या तेव्हा बाबांनी विकलं. तिथे दुसरेच लोक राहतात."

आम्ही सगळे ताटात बघू लागलो. काकांनी चमचा हळूच थोडा मागे घेतला.

"मग बेल नको वाजवायला," ते म्हणाले. "समोरच्या फुटपाथवर उभं राहू. बाल्कनी दिसते ना इथून?"

"दिसते."

"बघून घे पोटभर. घाई नाही."

तिने डोळे पुसले आणि काकांच्या गालाला गाल लावला. निखिल निमूटपणे उठून भांडी घासायला गेला.

संध्याकाळी मी काकांबरोबर ट्रामच्या स्टॉपपर्यंत गेले.

"परीक्षा घेतलीत ना माझी?" ते मिश्कीलपणे म्हणाले. "पास झालो?"

"काका, नागपुरात तुमचं घर कुठे होतं?"

इतकी वर्षं आम्ही त्यांचं ब्यूनोस आयर्स ऐकत होतो, त्यांची चेष्टा करत होतो. हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

"इंदोऱ्यात," ते म्हणाले. "नेऊ?"

"न्या की."

आजूबाजूला घोट्याइतका बर्फ साचला होता. काकांनी हातमोजा काढून बोटाने दिशा दाखवली.

"चौकातून निघू. पण आधी डोक्यावर ओढणी घे, पोरी. ऊन लई आहे."