रंगूबाई बसल्यावर चालू होणारी गाडी

इंजिनाच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवू नये, असं माझं पहिल्यापासून म्हणणं आहे. पाच वर्षं मी लष्कराच्या मोटारखात्यात काढली. बसऱ्याच्या वाळूत नुसतं तोंड उघडलं तरी दात कचकचतात, तिथं मी बंद पडलेल्या गाड्या चालत्या केल्या. गोऱ्या साहेबानं पाठ थोपटून मला हवालदार केलं. अशा माणसाला कडेगावाकडच्या एका खेड्यानं सांगावं की गाडी इंजिनावर चालत नाही, एका बाईच्या बसण्यावर चालते! अजून आठवलं तरी कानशिलं तापतात.

लढाई संपून मी गावी आलो. पुढच्याच वर्षी आमच्या गावच्या बागायतदार आप्पासोंनी मिलिट्रीच्या लिलावातून एक जुना पिकप आणला. पिकप म्हणजे पुढं डायव्हर धरून दोघांची जागा आणि मागं उघडा हौदा. आप्पासोंचा गूळ कराडला आणि हळद सांगलीला पोचवायची, यासाठी ती गाडी. डायव्हर अर्थातच मी. हमालीला केरबा. हा केरबा ओझं दोन माणसांचं उचलायचा आणि बोलायचा चार माणसांचं.

माझ्या शेजारच्या सीटची गादी उंदरांनी खाऊन टाकली होती, म्हणून मी सुताराकडून तिथं फळी बसवून घेतली. बाकी गाडी ठणठणीत. महिनाभर ती मेंढरासारखी गुणानं चालली.

मग एका सकाळी गुळाच्या ढेपा भरून झाल्या, मी स्टार्टर दाबला, आणि गाडीनं हूं की चूं केलं नाही. पुन्हा दाबला. काही नाही. हँडल मारलं. काही नाही. खाली उतरलो, बॉनेट उघडलं, चार ठिकाणी हात लावला, फळी उचलून तिच्याखालची ब्याटरी चाचपली, परत येऊन स्टार्टर दाबला, तर गाडी चालू!

"काय झालं हुतं?" आप्पासोंनी विचारलं.

"किरकोळ हुतं," मी म्हणालो. काय झालं होतं ते मला ठाऊक असतं तर सांगितलं असतं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. नंतर आठवडाभर काही नाही. मग एकाच दिवशी तीनदा. कायमची बंद पडलेली गाडी बरी, तिचा रोग सापडतो. ही मात्र वैद्य दारात आला की उठून बसणाऱ्या रोग्यासारखी. मी प्लग काढून घासले. कार्बोरेटर उकलून पेट्रोलनं धुतला, आणि पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं हे ध्यानात घ्या. स्टार्टर काढून पोत्यात घालून सांगलीला मेस्त्रीकडं नेला. त्यानं टेबलावर जोडून फिरवून दाखवला. "ह्याला काय झालंय? तुमीच तपासून घ्या," असं मला, हवालदाराला म्हणाला. त्यातच पुढच्या दिव्यांचे बल्ब दोनदा उडाले. हलका माल गळ्यात मारलास म्हणून मी दुकानदाराशी भांडलो आणि गाडी दिव्यांशिवायच चालवायला लागलो. दिवसाउजेडी कशाला लागतात दिवे?

अशात आप्पासोंच्या आत्या रंगूबाई एकदा गाडीत बसल्या. रंगूबाई म्हणजे भरभक्कम बाई. उभ्या राहिल्या की दार दिसायचं बंद व्हायचं. डोळ्यांना झापड येते म्हणून त्यांना कराडच्या डॉक्टरकडं जायचं होतं. त्या सकाळी गाडी अर्धा तास रुसली होती. केरबा आणि आणखी चौघं ढकलून घामाघूम झाले होते. रंगूबाई आल्या, माझ्याशेजारी फळीवर बसल्या, पदर सावरला. "चल की रं नाथाजी," म्हणाल्या.

मी स्टार्टर दाबला. गाडी चालू.

"आरं तिच्या," केरबा मागून म्हणाला.

कराडला रंगूबाई डॉक्टरकडं उतरल्या, मी गूळ उतरवून घेतला, आणि गाडी काही केल्या चालू होईना. तासाभरानं रंगूबाई डोळ्यांत औषध घालून आल्या आणि बसल्या. गाडी चालू. बस्स. त्या दिवसापासून केरबाला दुसरा विषयच उरला नाही. विहिरीवर, पारावर, चक्कीत, जिथं चार माणसं भेटतील तिथं हा सांगायचा, "हवालदार नुस्ता चाक धरतोय. गाडी चालवत्यात रंगूबाई."

मी आप्पासोंना समजावलं, "आवं, ह्यो योगायोग हाय. इंजनाला काय कळतंय कोण बसलंय त्ये?"

"तुला तरी काय कळलंय?" आप्पासो म्हणाले. "आत्या बसली की सुरू हुतीया न्हवं? मग बसू दे."

आणि खरंच, पुढचे दीड महिने रंगूबाई प्रत्येक खेपेला बसल्या. कराडला बसल्या, सांगलीला बसल्या. हळदीच्या पेठेत व्यापारी मला रामराम घालायच्या आधी त्यांना घालायचे. लोक गाडीसमोर नारळ फोडायचे आणि कुंकू रंगूबाईंना लावायचे. गाडी एकदाही अडली नाही, आणि हाच माझा सगळ्यात मोठा अपमान होता.

वैशाखात आप्पासोंच्या मुलीचं लग्न निघालं. नवरदेव फलटणकडचा. वऱ्हाड आगगाडीनं कराड स्टेशनावर उतरणार, बरीचशी माणसं बैलगाड्यांनी येणार, आणि खुद्द नवरदेव, त्याचे आईवडील, मामा आणि घरची पाचसहा माणसं पिकपमधून आणायची, असं ठरलं. मुहूर्त गोरजाचा.

"आत्याला संगं घिऊन जा," आप्पासोंनी बजावलं.

मनात म्हटलं, आज नाही. फलटणच्या पाहुण्यांसमोर माझी शोभा नको. रंगूबाई मांडवात बायकांना हळद वाटून देत होत्या, तेवढ्यात मी गुपचूप स्टार्टर दाबला. पहिल्या झटक्यात चालू! केरबा धावत येऊन हौद्यात चढला. "आवं हवालदार, आत्या ऱ्हायल्या," म्हणत राहिला. मी गाडी दामटली. वाटेत मी चक्क शीळ घालत होतो.

स्टेशनावर पाहुणे उतरले. मी लष्करी सलाम ठोकला. नवरदेवाच्या आईला मानानं पुढं बसवलं. अगदी किरकोळ, फुंकर घातली तर उडेल अशी बाई. बाकीचे हौद्यात चढले. स्टार्टर दाबला.

काही नाही.

पुढचा दीड तास मी वर्णन करत बसत नाही. बॉनेट उघडलं, मिटलं, उघडलं. उन्हानं पत्रा असा तापला होता की भाकरी भाजावी. फळी उचलायची तर नवरदेवाच्या आईला उठवावं लागलं असतं, आणि त्या आधीच माझ्याकडं अशा बघत होत्या की ती हिंमत झाली नाही. शेवटी सगळे ढकलायला उतरले. नवरदेवसुद्धा, जरीचा फेटा बांधलेला, कपाळावरून घाम आणि गंध एकत्र ओघळत असलेला.

"नवऱ्या मुलाला गाडी ढकलायला लावत्यात. ही काय सोयरीक झाली?" त्याचे वडील गरजले. "बघा परतीची आगगाडी."

आप्पासोंच्या लेकीचं लग्न माझ्या शिळेपायी मोडणार होतं.

नेमका त्याच वेळी केरबानं तोंड उघडलं, "आवं पाव्हणं, ही गाडी आमच्या रंगूबाई बसल्याबिगर हालत न्हाई. ह्यांनी मुद्दाम त्यांना घरी ठिवलंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

नवरदेवाचे मामा, हरिबा, जुने पैलवान. मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यावर. ढकलून त्यांना धाप लागली होती. "आक्का, तू जरा मागं बस," बहिणीला म्हणाले आणि पुढं येऊन फळीवर टेकले. फळी कुरकुरली. मी रागारागानं स्टार्टरवर लाथ मारावी तसा पाय मारला.

गाडी चालू!

वऱ्हाडी धडाधड हौद्यात चढले. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी गाडी बंद केली.

"आरं, बंद का केलीस?" आठ माणसं एकदम ओरडली.

"मामा, जरा खाली उतरा," मी म्हणालो.

"डोकं फिरलंय काय तुझं?"

"उतरा की. पाया पडतो."

मामा उतरले. स्टार्टर दाबला. काही नाही. मामा बसले. गाडी चालू. मी पुन्हा बंद केली. नवरदेवाच्या वडिलांनी छत्री उगारली, पण तोवर मी मामांना उतरवून फळी उचलली होती.

आता एक गोष्ट कबूल करतो. ब्याटरीच्या खुंटीवर बसणारा पितळी पट्टा झिजलेला होता. गाडी आली त्याच आठवड्यात मी तो तांब्याच्या तारेनं आवळून बांधला होता. लष्करी गाठ. ती गाठ सैल झाली होती. जड माणूस बसलं की फळी वाकून पट्ट्याला दाबायची आणि वीज पोचायची. हलकं माणूस बसलं की पट्टा तसाच तरंगायचा. नुसत्या हादऱ्यानंही कधी टेकायचा, कधी सुटायचा. चाचपायला माझा हात लागला की तो जागेवर बसायचा आणि मी म्हणायचो, इथं तर सगळं ठीक आहे. चालत्या गाडीत तो सुटला की विजेचा दाब वाढून बल्ब उडायचे. मी सबंध गाडी उकलली होती, पण स्वतः मारलेल्या गाठीवर मला शंका आली नाही.

पक्कड घेऊन तार करकचून पिळली. मामांना लांब उभं केलं. स्टार्टर दाबला. चालू.

"सापडलं. तार हुती," मी सगळ्यांना सांगितलं. "नुसती तार."

"चला आता," नवरदेवाची आई म्हणाली.

सूर्य टेकता टेकता आम्ही मांडवात पोचलो. अक्षता वेळेवर पडल्या. जेवणाच्या पंक्ती बसल्यावर मी आप्पासोंना बाजूला घेऊन तारेची सगळी हकिकत सांगितली, फळी उचलून दाखवलीसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"किती वाजता सुरू झाली म्हणालास?"

"साडेचारच्या सुमाराला."

आप्पासोंनी मान डोलावली. "गाडी येईना म्हणून माझा जीव टांगणीला. म्हटलं आत्या, तू तरी बस. अंगणातल्या मोकळ्या बैलगाडीत तिला बसवली, कराडाकडं तोंड करून. तवा साडेचारच झालं हुतं."

शेजारच्या पंक्तीत केरबा हेच रंगवून सांगत होता आणि फलटणची माणसं घास हातात धरून ऐकत होती. हरिबा पैलवान तर उठून रंगूबाईंच्या पाया पडून आले.

लग्नानंतरच्या गुरुवारी कराडचा बाजार. मी गाडीपाशी गेलो तर रंगूबाई आधीच फळीवर बसलेल्या. नवं इरकली लुगडं, हातात पिशवी.

"आत्या, आता तुमी येयाची गरज न्हाई," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. "तार घट्ट केलीया."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मला पयल्यापास्नं वाटत हुतं, खालीच कायतरी हाय. बसलं की टक करून वाजायचं."

"मग बोलला का न्हाई?"

रंगूबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. "नाथाजी, मालक जाऊन बारा वर्सं झाली. तवापास्नं उंबऱ्याभायेर मला कोण कुठं न्हेत न्हवतं. दीड म्हैन्यात म्या कराड बघितलं, सांगली बघितली, कृष्णेचा पूल बघितला. तू तारंचं समद्यास्नी सांगितलंस. कुणी ऐकलं का?"

"न्हाई."

"मग झालं तर. चल."

माझा राग कुठं गेला कळलं नाही, पण तो होता एवढं नोंदवून ठेवतो. मी बसलो आणि स्टार्टर दाबला. पहिल्या झटक्यात चालू.

हौद्यातून केरबाचा आवाज आला, "बगा."