रकाना एकोणीस: फिरती आरागिरणी

मोजणीरावांनी अकरा वर्षं एका रकान्यात आडव्या रेघेशिवाय काही लिहिलं नव्हतं, आणि सोमवारी सकाळी नेमकी तीच रेघ त्यांच्या अंगाशी आली.

रस्ते खात्याच्या कार्यालयाबाहेर, हमरस्त्याला लागून, पत्र्याची एक चौकी होती. चौकीत एक स्टूल, स्टुलावर मोजणीराव आणि मांडीवर वही. रस्त्यावरून काय काय गेलं ते वहीतल्या चोवीस रकान्यांत टिपायचं आणि दर तिमाहीला बेरीज मुख्यालयाला पाठवायची, हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. शुक्रवारी हेडक्लार्क निवृत्त होणार होते आणि त्यांची आतली खुर्ची, चांगली पाठ टेकता येणारी, मोजणीरावांना मिळणार होती. बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. त्या खुर्चीसाठी मोजणीरावांनी अकरा वर्षं धूळ खाल्ली होती, आणि यात अलंकार काही नाही.

साहेबांनी त्यांना आत बोलावून मुख्यालयाचं पत्र वाचून दाखवलं.

"'आपल्या चौकीच्या तक्त्यात रकाना एकोणीस, फिरती आरागिरणी, यासमोर सातत्याने आडवी रेघ आढळते. सदर रेघ म्हणजे आरागिरणी दिसली नाही असे समजावे, की कोणी पाहिलेच नाही असे समजावे? सबब, फिरत्या आरागिरण्या सार्वजनिक रस्त्यावरून जाताना किती वेळा दिसतात, हे स्वयंस्पष्ट अभिप्रायासह कळवावे. तपासनीस गुरुवारी समक्ष येऊन दिवसभर चौकीत बसतील.' आता बोला."

"दिसली नाही, साहेब."

"दिसली असती तर ओळखली असतीत?"

मोजणीरावांनी टेबलावरच्या काचेकडे पाहिलं. "कशी असते, साहेब?"

साहेबही जरा गडबडले. "आरागिरणी म्हणजे लाकूड चिरायची गिरणी. ती फिरती. म्हणजे... फिरत असणार." मग आवाज चढवून म्हणाले, "ते मला विचारू नका. गुरुवारपर्यंत माहिती काढा. तपासनीस बाई ठीक म्हणाल्या तरच या कागदावर माझी सही होईल. नाहीतर हेडक्लार्क बाहेरून येईल आणि तुम्ही तिथंच स्टुलावर."

दिवसभर मोजणीरावांचं रस्त्यावर लक्ष लागलं नाही. दोन बस आणि एक रुग्णवाहिका तशीच निघून गेली. संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी सगळं बायकोला सांगितलं, तेव्हा ती वाढता वाढता थांबली.

"अहो, आरागिरणी तर आपल्या धाकट्याकडे आहे की!"

धाकटा म्हणजे तिचा भाऊ.

"कुठला धाकटा? आपला? तो तर होड्या करतो."

"होड्या? कुणी सांगितलं तुम्हाला?"

कुणीच सांगितलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. मेहुणा लाकडाचं काम करतो एवढं लग्नात कानावर आलं होतं. नक्की काय करतो, ते विचारायचं तेव्हा राहून गेलं, आणि पुढं जावयानं विचारणं बरं दिसेना. वर्षाच्या आतच तो मेहुणा ट्रॅक्टरमागे काहीतरी लांबलचक, पुढं निमुळतं, मधे उंचवटा असलेलं आणि निळ्या ताडपत्रीत बांधलेलं धूड ओढत चौकीवरून जायला लागला. लाकूड, लांबट आकार, पुढं टोक. मोजणीरावांनी क्षणभर विचार केला आणि रकाना चौदामध्ये, 'ट्रॉलीवरील होडी' या मथळ्याखाली, एक टिंब दिलं.

"अहो, पण पन्नास कोसांत कुठं पाणी आहे?" बायकोनं विचारलं.

"मोजणी कारकुनानं वाहन कुठं चाललंय याचा तर्क करू नये, असा नियम आहे," मोजणीराव म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

जेवण अर्धं टाकून ते मेहुण्याच्या शेडवर गेले. मेहुण्यानं ताडपत्री ओढली. आत लोखंडी रुळांची लांब चौकट होती, तिच्यावर मागंपुढं सरकणारं इंजिन, इंजिनाला पात्याचा पट्टा आणि खाली दोन चाकं. होडीशी तिचा संबंध एवढाच की दोन्ही ओढत न्याव्या लागतात.

"लोकांना झाड आमच्याकडे आणणं परवडत नाही, दाजी. म्हणून गिरणीच झाडाकडे जाते," मेहुणा अभिमानानं म्हणाला. "मंगळवारी आणि शुक्रवारी. जाताना आणि येताना तुम्हाला हात करतो की मी. तुम्ही लगेच वहीत लिहिता. मी घरी सांगतो, दाजी आपली नोंद ठेवतात म्हणून."

मोजणीरावांनी मनात हिशेब केला. आठवड्याला चार, वर्षाला दोनशे आठ. अकरा वर्षांच्या दोन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी होड्या. ते तिथल्याच एका ओंडक्यावर बसले.

"हे बघ," ते म्हणाले, "गुरुवारी तू रस्त्यावर दिसायचं नाहीस."

"गुरुवारी? नाही हो जमायचं! शाळेच्या फाटकात भलंमोठं झाड पडलंय. पोरं कुंपणावरून उड्या मारून वर्गात जातायत. मुख्याध्यापिकाबाईंना गुरुवारचा शब्द दिलाय मी."

"दुसऱ्या रस्त्यानं जा."

"दुसरा रस्ता तुमच्याच खात्यानं खणून ठेवलाय, दाजी."

मोजणीराव त्याला घेऊनच घरी आले. शेवटी तोडगा बायकोनंच काढला. सगळं ऐकून घेऊन ती शांतपणे म्हणाली, "अकरा वर्षं होडी होती ना? मग अजून एक दिवस होडी राहू दे." आणि तिनं भावाला दोन फळ्या चिरून वल्ही करायला लावली.

गुरुवारी तपासनीस बाई बरोबर साडेआठला आल्या. ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, हातात थर्मास आणि बसायला स्वतःची उशी. शिवाय कापडात गुंडाळलेली एक लांब काठीसारखी वस्तू त्यांनी चौकीच्या कोपऱ्यात अगदी जपून उभी केली. मोजपट्टी असावी असं समजून मोजणीरावांनी तिच्याकडे पाहायचंही टाळलं.

"तुम्ही तुमचं काम करा," बाई म्हणाल्या. "मी नाहीच असं समजा."

त्या दिवशी मोजणीरावांनी सायकलीसुद्धा दोनदा तपासून लिहिल्या. अकरा वाजता लांबून ट्रॅक्टरची धडधड ऐकू आली. ताडपत्री करकचून आवळलेली, दोन्ही अंगांना एकेक वल्हं बांधलेलं. यापुढची शक्कल मात्र मेहुण्याची स्वतःची होती: खलाशी दिसावा म्हणून त्यानं गळ्यात पोराची पोहायची, फुगवलेली रबरी चकती घातली होती. त्यानं नेहमीसारखा हात केला.

"होडी," मोजणीराव कसेबसे म्हणाले आणि त्यांनी रकाना चौदात टिंब दिलं.

बाई ताडकन उभ्या राहिल्या. चौकीतून अर्ध्या बाहेर वाकून त्या ट्रॅक्टर वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. मोजणीरावांना वाटलं, संपलं सगळं.

"काय सुंदर होती हो!" बाई वळून म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुलला होता.

दुपारपर्यंत दुसरं विशेष काही गेलं नाही. तीन वाजता बाईंनी पेन काढून लिहिलं, 'रकाना एकोणीस: समक्ष पाहणीत आरागिरणी दिसली नाही. रेघ योग्य.' खाली सही केली, तारीख टाकली. मोजणीरावांच्या पाठीतून एक सुखद लहर गेली. पाठीला खुर्ची टेकल्याचा भास झाला. त्यांनी बाईंना चहा हवा का विचारलं.

"नको. आता माझी ड्यूटी संपली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कोपऱ्यातली ती वस्तू उचलून कापड सोडलं. आतून मासे धरायचा गळ निघाला. जुना होता, पण घासूनपुसून लखलखीत केलेला. "आमच्या साहेबांचा. म्हणजे यजमानांचा. ते गेल्यापासून बाहेरच काढला नव्हता. पण गेली कित्येक वर्षं तुमचे तक्ते माझ्या टेबलावर येतात. साऱ्या विभागात सर्वांत जास्त होड्या तुमच्याकडे! मी मनाशी म्हणायची, केवढा तलाव असेल तिथं. पुढच्या महिन्यात मीही निवृत्त होतेय. या आरागिरणीच्या पत्राचं निमित्त काढलं आणि स्वतःच आले. चला, सांगा बघू, कुठून जायचं तलावाकडे?"

मोजणीरावांनी कार्यालयाच्या दाराकडे पाहिलं. बढतीचा कागद आत होता आणि बाईंची सही झालेली होती. 'तलाव आटला' म्हटलं असतं तरी भागलं असतं. 'लांब आहे, बस नाही' हेही चाललं असतं. अकरा वर्षं वहीत खोटं लिहिलं गेलं तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं, कारण ते खोटं आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पण खांद्यावर गळ टाकून, लहान मुलीसारखी टाचा उंचावून उभ्या राहिलेल्या या बाईला रस्ता चुकवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांना स्वतःचा रागही आला आणि रडूही.

"मॅडम," ते म्हणाले, "तलाव नाही. होड्याही नाहीत. चला, दाखवतो."

शाळेचं फाटक दहा मिनिटांवर होतं. तिथं वल्ही भिंतीला टेकून ठेवली होती, ताडपत्रीचा पोरांनी तंबू करून घेतला होता, आणि दोन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी होड्या एका ओंडक्याच्या सरळसोट फळ्या काढत होत्या. रबरी चकती अजून गळ्यातच असलेल्या मेहुण्यानं दाजींबरोबर तपासनीस बाई पाहिल्या, इंजिन बंद केलं आणि घाईघाईनं एक वल्हं हातात घेऊन तो उभा राहिला.

"राहू दे रे," मोजणीराव म्हणाले. "सांगितलंय मी."

बाई फळ्यांच्या ढिगाजवळ गेल्या. मग त्यांनी भुशात हात घालून मूठभर भुसा नाकाशी नेला. "चालू करा बरं ते पुन्हा," त्या म्हणाल्या. फळ्या पडत राहिल्या, आणि गळ मांडीवर आडवा घेऊन बाई उशीवर बसून राहिल्या. पाचव्या फळीला त्यांचे डोळे भरून आले होते, ते भुशानं की कशानं, हे मोजणीरावांनी विचारलं नाही.

कार्यालयात परतल्यावर बाईंनी आपला अभिप्राय खोडला आणि नव्यानं लिहिला. साहेबांनी तो मोठ्यानं वाचला, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "'फिरती आरागिरणी सार्वजनिक रस्त्यावर किती वेळा दिसते: अकरा वर्षांत दोन हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा. ओळखली: एकदाही नाही.' मॅडम, याचं मी काय करू? यांना निलंबित करू?"

"निलंबित? अहो, माझ्या सगळ्या नोकरीत स्वतःचा आकडा स्वतः खाली आणणारा हा पहिला माणूस भेटला मला. याला आत घ्या. सही करा त्या कागदावर. आणि मला एक झटपट परिपत्रक टाइप करून द्या."

अशा रीतीनं शुक्रवारी मोजणीराव हेडक्लार्क झाले. खुर्ची त्यांना वाटली होती त्याहून मऊ निघाली. मेहुणा पेढ्यांऐवजी एक पाटी घेऊन आला, फाटकातल्या झाडाच्या फळीची, तिच्यावर त्यांचं खरं नाव कोरलेलं. साहेबांनी ती वाचली आणि हे कोण म्हणून विचारलं.

बाईंचं परिपत्रक विभागातल्या सगळ्या चौक्यांना गेलं. सोबत आरागिरणीचं छायाचित्र: शाळेच्या फाटकातलं, ताडपत्री काढलेलं, इंजिन आणि पातं स्वच्छ दिसणारं. महिन्याभरात उत्तरं आली. एका चौकीनं कळवलं की त्यांच्या होड्याही तशाच होत्या. दुसरीनं कळवलं. मग एकजात सगळ्यांनीच कळवलं. विभागातल्या साडेचार हजार होड्या एका तिमाहीत सहावर आल्या, आणि मागच्या अकरा वर्षांच्या सगळ्या चौक्यांच्या वह्या दुरुस्तीसाठी गाडीभर येऊन नव्या हेडक्लार्कांच्या टेबलाभोवती रचल्या गेल्या. त्या ढिगाआड आता फक्त त्यांचं टक्कल दिसे.

मंगळवारी सकाळी ते तेराव्या वहीत होते, तेव्हा बाहेरच्या चौकीवर नेमलेला नवा कारकून दारात उभा राहिला. काटेकोर माणूस होता. परिपत्रक आणि छायाचित्र त्यानं पत्र्यावर डोळ्यांसमोर चिकटवून ठेवलं होतं.

"साहेब, एक विचारायचं होतं. आत्ता रस्त्यावरून एक तोफ गेली."

"काय गेली?"

"तोफ. निळ्या ताडपत्रीत झाकलेली. ट्रॅक्टरवाल्यानं मला हातसुद्धा केला. तोफेला रकाना नाहीये, साहेब." त्यानं वही पुढं केली. "होडीत धरू का?"