जानरावांची गच्चीवरची फेक

उद्या अमरावतीच्या कॉलेजात भाषण, तर आज जरा हातवारे पक्के करून घ्यावेत, एवढंच जानरावांनी ठरवलं होतं.

जानराव एके काळचे भालाफेकपटू. आता अकोल्यातल्या एका क्रीडा संघटनेचे सचिव आणि बक्षीस समारंभांचे कायमचे प्रमुख पाहुणे. (मैदानावर त्यांनी फेकलं आठ वर्षं, माईकसमोर फेकताहेत वीस वर्षं.) प्रत्येक भाषणात ते आपली विद्यापीठातली फेक सांगत. सुरुवातीला ती बावन्न मीटर होती. हल्ली सत्तरीला टेकली होती.

संध्याकाळी गच्चीवर त्यांच्या पत्नी पार्वताबाई वाळलेले पापड गोळा करत होत्या. जानरावांनी कोपऱ्यातला जळमटं काढायचा बांबू उचलला. त्याच्या टोकाला झाडू बांधलेला होता.

"मंग मी असा धावत आलो," ते म्हणाले.

"धावा, पण माह्या पापडावर पाय देऊ नका."

कठड्याशी थांबायचं आणि फेकण्याचा नुसता अभिनय करायचा, असं ठरलं होतं. पण हे खांद्याला कोणी कळवलं नव्हतं. बांबू सुटला आणि शेजारच्या कुर्बानभाईंच्या अंगणात, नव्या कूलरच्या जाळीतून आरपार गेला. इकडे जानरावांच्या कमरेत कट् असा आवाज झाला. ते चौकातल्या पुतळ्यासारखे हात वर करून उभेच राहिले.

"आता कावून उभे आहात? खाली चला."

"येता येऊन नाही राहिलं."

तेवढ्यात कुर्बानभाई बांबू घेऊन जिना चढून आले. मागे त्यांची मुलगी नगमा, हातात मोजायची टेप. अमरावतीला कॉलेजात शिकणारी ही पोरगी स्वतः भाला फेकायची.

"जानरावजी, ये आपका है क्या?"

"हवेनं उडाला असंन."

"झाडू के साथ?"

नगमा शांतपणे म्हणाली, "काका, मी मोजलं. अठरा मीटर. तुमी गच्चीवरून फेकलं, ते धरलं तर आणखी कमी. उद्या आमच्याच कॉलेजात येऊन राहिले ना तुमी? मी समोरच बसतो."

जानरावांना रात्रभर झोप लागली नाही. अर्धी कमरेमुळे, अर्धी नगमामुळे.

सकाळी पार्वताबाईंनी पट्टा आवळून त्यांना गाडीत बसवलं. मूर्तिजापूरला मनातली फेक साठ मीटर झाली. बडनेऱ्याला पंचावन्न. स्टेजवर पोचले तर नगमा खरंच पहिल्या रांगेत. कंबर उभं राहू देईना, आणि पोरगी नजर हलवेना.

"मुलांनो," एका हातानं कमरेचा पट्टा, दुसऱ्यानं खुर्चीचा हात घट्ट धरून ते म्हणाले, "माझी फेक बावन्न मीटर होती. मी तिसरा आलो होतो. काल अठरा मीटर फेकलं, तेही झाडू, आणि शेजाऱ्याचा कूलर फोडला. सराव सोडू नका."

आणि ते बसले.

मग सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेचनात. नगमाही वाजवत होती. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जानरावांचे डोळे भरून आले.

प्राचार्यांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "सर, मनं जिंकलीत."

"खरं तेवढं बोललो," जानराव नम्रपणे म्हणाले.

"तसं नाही सर. मागचे पाहुणे दीड तास बोलले होते, तुम्ही एका मिनिटात आटोपलंत. पुढच्या वर्षीही तुम्हीच या. तारीख तेवढी तुमची कंबर धरलेली असेल तेव्हाची द्या."