जगताप काकांचा आततायीपणा

आमच्या सोसायटीत लिफ्टचं बटण दोनदा दाबलं की मागून आवाज येतो, "आततायीपणा!" वळून बघायची गरज नसते. मागे जगताप काका उभे असतात.

बेलापूरच्या ज्या सरकारी ऑफिसातून ते रिटायर झाले, तिथे म्हणे त्यांच्या टेबलावरची फाइल त्याच दिवशी कधी पुढे गेली नाही. "एक रात्र जाऊ द्या," हे त्यांचं पालुपद. तेच त्यांनी घरी आणलं. त्यांचा बंद पडलेला फ्रिज आता डाळी-पिठं ठेवायच्या कामाला आहे, कारण नवा कुठला घ्यावा यावर अजून पुरेशा रात्री गेलेल्या नाहीत. काकू वारल्यापासून एकटेच असतात. बाहेर पडताना कुलूप लावतात, जिना उतरतात आणि गॅस बंद केलाय ना हे बघायला परत वर येतात.

मी त्यांची समोरची शेजारीण, आणि माझं सगळं उलट. मनात आलं की मी करून मोकळी होते. एकदा भर दुपारी उठून मी हॉलची एक भिंत पिवळी केली, आणि रंग संपल्यावर लक्षात आलं की भिंती चार असतात. त्यामुळे काकांचा तो शब्द सगळ्यात जास्त माझ्याच वाट्याला येतो.

एक दिवस मी वैतागून शब्दकोश उघडला. आततायी म्हणजे घर जाळणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर धावणारा! मी तशीच त्यांच्या दारात गेले. "काका, मी कुणाचं घर जाळलंय?"

काका रागावतील असं वाटलं होतं. ते उलट खुलले. "बसा वहिनी. अविचार म्हणजे विचार केलाच नाही. उतावळेपणा म्हणजे केला, पण दम धरला नाही. या दोन्हींत नुकसान आपलं. पण आपण दम धरला नाही आणि त्यात दुसऱ्याचं घर होरपळलं, तर तो आततायीपणा."

"मग लिफ्टचं बटण?"

"ती सुरुवात असते," काका गंभीरपणे म्हणाले आणि चहा टाकायचा की नाही यावर विचार करू लागले. मी चहा न घेताच परत आले.

असा हा माणूस मासळी मात्र काही न बघता घेतो, हे मला कोडं होतं. काका माळकरी. अंड्याचा केकही चालत नाही. तरी रविवारी दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून हिराबाई मासळीची टोपली घेऊन गेटवर आल्या, की काका पिशवी घेऊन हजर. पहिल्यांदा त्यांनी "पाच मांदेली द्या" असं सांगितलं होतं. मांदेली ती बोटाएवढी, ढिगाच्या वाट्यावर घ्यायची असतात; सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. घेतलेली मासळी ते हात लांब करून माझ्याकडे आणून देत. "ताजी दिसली, घेतली," एवढंच म्हणत. मी घेत असे. फुकटच्या कोलंबीवर विचार करणाऱ्यांतली मी नव्हे.

शेवटी मी हिराबाईंनाच विचारलं. त्या हसल्या. "त्यांना मासा कशाला पायजे? त्यांची पोर माज्या घरात सून हाय. ती कशी हाय, जेवते का, ते इचारायला येतान. वाटा घेतल्याबिगर इचारायची लाज वाटते त्यांना. आता तर तिचे दिवस भरत आलेत."

मी चाटच पडले. दिवाळं इथून ते किती लांब? चालत निघालं तर घरी केलेला चहा थर्मासशिवाय गरम पोचेल.

त्या दिवशी मासळी घेताना मी म्हटलं, "काका, मुलगी एवढ्या जवळ, आणि तुम्ही जात नाही?"

काका रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले. "तिनं मला विचारलं होतं, वहिनी. बाबा, या मुलाशी लग्न करू का? मी म्हटलं, एक रात्र जाऊ दे. मग अजून एक. नाही म्हणालोच नव्हतो मी कधी. विचार करत होतो. तिनं वाट बघितली आणि रजिस्टर लग्न केलं. मी तिला फोनवर एकच शब्द बोललो."

कुठला, ते मी विचारलं नाही.

"ती आततायी नव्हती," काका म्हणाले. "जो नुसता विचार करत बसतो आणि त्यात त्याचं घर रिकामं होतं, त्याला काय म्हणायचं? मी पुष्कळ शोधलं. शब्दच नाही." मग आत गेले आणि दार लावून घेतलं. मला त्यांचा राग आला होता, आणि वाईटही वाटत होतं.

पुढच्या रविवारी हिराबाई टोपलीशिवाय आल्या. जिना चढून थेट वर. हातात पेढ्यांचा पुडा. काकांनी दार उघडलं, मागे गॅसवर दूध होतं. "आजोबा झाले तुमी, जगतापबाबा. पोरगी हाय. दोगी बऱ्या हायेत. सून इचारते, बाबा येतील का?"

काकांच्या अंगात बनियन आणि लेंगा. एका पायात चप्पल सरकवली, दुसऱ्या पायात स्लीपर, आणि ते लिफ्टकडे निघाले. लिफ्टचं बटण त्यांनी दाबलं, लगेच पुन्हा दाबलं, मग पुन्हा.

"काका, शर्ट!" मी माझ्या दारातून ओरडले. "दार उघडं आहे! दूध उतू चाललंय!"

"जाऊ दे!"

जिभेला हाड नाहीच माझ्या. म्हटलं, "अहो, एक रात्र तरी जाऊ द्या की."

काका वळले. डोळे भरून आले होते, आणि चक्क हसत होते. "फार गेल्या, वहिनी," ते म्हणाले आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरू लागले. हिराबाई मागून "हळू, बाबा, हळू" करत धावल्या.

मी त्यांच्या घरात गेले, गॅस बंद केला आणि सांडलेलं दूध पुसून काढलं.