गार्डसाहेबांचा सात्त्विक सिनेमा

‘ॲक्शन’ हा शब्द टेंभेकर गार्डसाहेबांना असभ्य वाटतो. शूटिंग सुरू करायचं असलं की ते तोंडात शिट्टी धरतात, लांबलचक फुंकतात आणि हिरवी झेंडी दाखवतात. एवढ्यानेही भागत नाही. गार्डाने हिरवी दाखवली की समोर इंजिनातूनही हिरवी दिसली पाहिजे, तोवर गार्डाने झेंडी खाली करायची नाही, हा रेल्वेचा नियम. म्हणून त्यांच्या सिनेमातल्या प्रत्येक नटाला एकेक हिरवा ब्लाउजपीस दिलेला असतो. तो हलवायचा, पटकन कमरेला खोचायचा आणि मग सासूच्या पाया पडायचं. लाल झेंडी दिसेपर्यंत उठायचं नाही. एकदा लाल झेंडी दिवाणाखाली गेली. ती सापडेपर्यंत सुनेची कंबर धरली होती.

सदाशिव टेंभेकर झाशीच्या गाड्यांवर गार्ड होते. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, हे सिनेमा करू लागले. खंडेराव गेटजवळ त्यांचं घर आमच्या घराला लागून. माझे वडील रेल्वेत फिटर आणि युनियनची पत्रकं लिहिणारे. आमच्याकडे पाढ्यांच्या आधी पत्रकं पाठ व्हायची. अशा घरातल्या मुलीच्या शेजारी बसून एखाद्याने ‘सात्त्विक चित्रपट’ काढावा, ही नियतीची खोडीच म्हणायची.

“मुंबईचा सिनेमा म्हणजे उघडं गटार,” गार्डसाहेब सांगत. “आपण स्वच्छ पाण्याचा नळ बसवायचा.”

नळ म्हणजे स्टुलाला सुतळीने बांधलेला एक मोबाइल. सिनेमाचं नाव ‘चौकटीतलं सुख’. कथा, संवाद, दिग्दर्शन आणि नैतिक देखरेख, सगळं गार्डसाहेबांचं. सुनेला तीनच संवाद होते: ‘हो’, ‘आणते’ आणि ‘चुकलं माझं’. खलनायकाचं पाप एवढंच, की तो चातुर्मासात कांदाभजी खातो. त्याहून मोठं पाप दाखवलं तर लोक ते शिकतात म्हणे. बायकांना धुपाटण्यापलीकडेही अक्कल असते, हे मात्र दोन तासांत कुणी चुकूनही शिकू नये, अशी चोख व्यवस्था होती.

मलाही एक भूमिका देऊ केली होती.

“तू नोकरीला निघतेस, बेटा. बडा बाजारपर्यंत पोचतेस आणि तिथे तुला पश्चात्ताप होतो.”

“कसला?”

“कसला म्हणजे? निघाल्याचा!”

“आणि काका, नाहीच झाला तर?”

“मग तो मुंबईचा सिनेमा.”

त्यांचा सगळ्यात कडक नियम नात्यांचा. पडद्यावर जे नातं, ते घरीही असलंच पाहिजे. नवरा-बायकोचं काम नवरा-बायकोनेच करायचं, सासू-सुनेचं सासू-सुनेने. परक्या बाईला आई म्हटलं की खऱ्या आईचा अपमान होतो. रेशन कार्ड तपासून भूमिका देणारा दिग्दर्शक मी दुसरा पाहिला नाही. कथेतल्या आदर्श घरासाठी त्यांनी जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीतून एक मराठी हवालदार, त्याची बायको आणि त्याची आई असं अख्खं कुटुंब आणलं. शूटिंग अर्ध्यावर असताना हवालदाराची बदली झाली. झालं! कथेतला नवरा काशीला गेला आणि सून पुढची चाळीस मिनिटं तुळशीपाशी उभी राहिली.

“दुसरा कुणीतरी पाठमोरा उभा करा ना,” मी म्हटलं.

“नियम म्हणजे नियम. गाडी भावनेवर चालत नाही.”

कथेत दुसरं घर होतं, बिघडलेलं. त्यातला म्हातारा बाप गार्डसाहेब स्वतः. मुलगा शहरात जाऊन बिघडतो, शेवटच्या प्रसंगात परत येतो, दारात उभा राहून माफी मागतो आणि बाप म्हणतो, “आत ये, पाय धू.” हा प्रसंग काही केल्या होईना. कारण नियम. त्यांचा खरा मुलगा अभय मुंबईत होता, सिनेमांना आवाज भरणाऱ्या एका स्टुडिओत. “त्या गटाराचं पाणी या घरात नको,” असं बापाने दारातच सुनावल्यापासून चार वर्षं तो झाशीला फिरकला नव्हता.

समोरच्या मिश्राजींनी तोडगा काढला. “गार्डसाहब, हमारे बड़े वाले को खड़ा कर दीजिए. दो मिनट का तो काम है.”

“मिश्राजी, आपका लड़का आप ही को बाबूजी कहे, वही ठीक.”

आणि यंदा गणपतीत, मराठी मंडळाच्या सभागृहात, ‘चौकटीतलं सुख’ लागणार असा फलक झळकला. म्हणजे नियम मोडला! भाड्याचा मुलगा आणला! मी त्या आनंदात पत्रक लिहिलं. पोटच्या पोराला हाकलणाऱ्याने कुटुंबावर प्रवचन का झोडू नये, याची सात कारणं. पन्नास प्रती पिशवीत घालून रविवारी दुपारी वडिलांबरोबर जाऊन बसले. खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. तुळशीच्या प्रसंगात निम्मा हॉल घोरत होता.

शेवटचा प्रसंग आला. पडद्यावर कडी वाजली. गार्डसाहेबांनी दार उघडलं. दारात कुणीच नव्हतं.

ते रिकाम्या दाराकडे बघत राहिले, अभयच्या उंचीला नजर लावून. आवाज नाही. मध्येच त्यांनी मान हलवली. एकदा बोलायला तोंड उघडलं आणि समोरच्याचं संपलेलं नसावं तसं मिटलं.

“साउंड गया!” मागून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या, हशा.

हॉलमधले गार्डसाहेब उठून उभे राहिले. “साउंड गेलेला नाही. जागा सोडली आहे. आवाज भरायचं काम त्याचं आहे, तो तिकडे तेच करतो. काल त्याला सगळा सिनेमा पाठवलाय.”

हशा थांबला. पडद्यावरच्या बापाने बराच वेळ ऐकून घेतलं. मग तो ‘आत ये, पाय धू’ म्हणाला नाही.

“नाही रे,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

सिनेमा संपला. चादरी निघाल्या, प्रसादाला रांग लागली. पत्रकातला एकही शब्द मी मागे घेत नाही. फक्त त्या दिवशी पिशवी उघडली नाही.

गार्डसाहेब पडद्यापाशी उभे होते. शूटिंगमध्ये दर प्रसंग संपला की ते लाल दाखवत. आज हात वर होता आणि हातात हिरवी.

“काका,” मी जवळ जाऊन म्हटलं, “संपला सिनेमा. झेंडी खाली घ्या.”

त्यांनी दुसऱ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

“कशी घेऊ, बेटा? समोरून अजून आलेली नाही.”