गुलाल न उधळणारा पक्ष

आमच्या शिवाजी पेठेतले दिनकरअण्णा भाषणाला माइक घेत नाहीत. "आवाज म्हंजे बी प्रदूषणच की!" त्यात त्यांचा आवाज जन्मजात बारीक. त्यामुळे भाषण पुढच्या दोन रांगांना ऐकू यायचं आणि मागचे पुढच्यांचं बघून टाळ्या वाजवायचे. आता हा माणूस एका राजकीय पक्षाचा अध्यक्ष आहे म्हटल्यावर तुम्ही हसणार. हसा! आम्ही पेठेनंही तेवढंच केलंय.

पक्षाचं नाव 'माती-पाणी कष्टकरी पक्ष'. लाल झेंडा, मधोमध हिरवं पान. पेठेत त्याला सगळे 'चिखल पक्ष' म्हणायचे.

पण एक काळ होता, खोटं कशाला बोलू! पंचगंगेत मेलेले मासे तरंगायला लागले, तेव्हा अण्णांनी ते बुट्ट्यांत भरून कचेरीवर मोर्चा नेला. पुढं गिरणी कामगार, हमाल, मास्तर. मागं पेठेतली झाडून सगळी मांजरं. साहेब नाक धरून मागच्या दारानं पसार झाले. काय दिवस होता तो! अख्खं कोल्हापूर अण्णांचं झालं होतं. लगेचच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातून पक्षाचे शामराव नगरसेवक झाले. अण्णा माडीवरच्या एका खोलीत राहतात, तेच पक्षाचं कार्यालय. त्या दिवशी तिथं पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि तिथंच घात झाला. पोरं गुलालाची पोती घेऊन आली, तर अण्णा दारात आडवे.

"न्हाय! त्यो गटारातनं नदीला जातोय. तत्त्व म्हंजे तत्त्व!"

शामराव रडकुंडीला आले. "अण्णा, गुलाल न्हाय तर निवडून आलोय हे घरात तरी पटंल का?"

अण्णांनी त्यांच्यावर कडुलिंबाचा पाला उधळला. तोही तोडलेला नव्हे, झाडाखालचा वेचलेला. मिरवणूक निघाली. एक म्हातारी दारातून बघून हळहळली, "चांगला गडी होता की. गोवर आलाय व्हय?"

अहो, कोल्हापुरात हे कोण विसरतंय! पुढच्या निवडणुकीला शामराव दुसऱ्या पक्षातून उभे राहिले, निवडून आले आणि डोळेसुद्धा दिसेनात इतक्या गुलालात न्हाले. पोरं त्यांच्या मागं गेली. उरलेल्यांतले काही वारले, काही लेकांकडं पुण्याला गेले.

अण्णांनी लग्न केलं नाही. आजही दर रविवारी संध्याकाळी ते खोली झाडतात, सतरंजी अंथरतात आणि सभा भरवतात. सभेला हजर एकटा मी, शेजारी म्हणून. सभासद वगैरे नाही. घरी टीव्हीवरून भांडणं असतात, तेवढाच निवांतपणा.

गेल्या रविवारी गेलो तर अण्णा इस्त्रीचा सदरा घालून बसलेले.

"सुभ्या, आज पक्ष विसर्जित करायचा ठराव हाय. माणसंच न्हाईत, ठेवून काय करायचं?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. म्हटलं, "करा की!"

"मांडणार मी. पर अनुमोदनाला सभासद लागतोय. तू हो."

असा मी इतक्या वर्षांनी चिखल पक्षात शिरलो, तोही तो बुडवायला. अण्णा उभे राहिले. रिकाम्या सतरंजीला नमस्कार केला, ठराव मांडला. मी अनुमोदन दिलं.

"ठरावाच्या बाजूनं जे असतील, त्यांनी हात वर करावा."

माझा हात काही केल्या उठेना. हळूच वर बघितलं, तर अण्णांनीही दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवलेले. वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं.

"अण्णा, ठराव तुमचाच हाय की!"

"व्हय रं." ते सतरंजीकडं बघत राहिले. "पर पक्ष मोडल्यावर तू रविवारी कशाला येशील?"

मी सतरंजीवर नीट मांडी घातली. म्हटलं, "ठराव पडला, अध्यक्षसाहेब. पुढचा विषय घ्या."